भंगाराच्या काट्यावरची यंत्रं

(जालन्यात तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं ‘यंत्रांचं वेड’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. वेड हा शब्द संयोजकांचा. आमच्या घरात या गोष्टीला जो शब्द आहे तो जरा कडक आहे, तो मुलाबाळांसमोर सांगत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ मी जालन्यात यंत्रांवर काम करतोय. आधी मोटार रिवाइंडिंग, मग रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स. पोट नव्या यंत्रांवर चालतं आणि जीव जुन्या यंत्रांत अडकलेला असतो, अशी माझी स्थिती आहे.

जालना म्हटलं की बाहेरची माणसं दोनच गोष्टी सांगतात, बियाणं आणि सळई. दोन्ही खरं आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिकोची सुरुवात केली आणि संकरित बियाण्यांचं नाव जालन्याशी जोडलं गेलं. सळईचं म्हणाल तर एमआयडीसीतल्या भट्ट्या तुम्ही रात्री लांबून पाहिल्याच असतील. पण ही सळई ज्यापासून होते ते भंगार येतं कुठून, हे कितीजणांनी पाहिलंय? ट्रकच्या ट्रक येतात. त्यात गाड्यांचे सांगाडे असतात, जहाजाचे तुकडे असतात, मोडलेले नांगर, पत्र्याच्या कोठ्या, जिनिंगमधले शाफ्ट, विहिरीवरची इंजिनं असतात. सगळं एकाच ढिगात. काट्यावर वजन होतं, पावती फाटते, आणि थोड्याच दिवसांत त्याची सळई होऊन ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. म्हणजे बघा, मराठवाड्यातली जुनी यंत्रं ज्या गावात येऊन वितळतात त्याच गावात तुम्ही राहता.

मला याचं दुःख नाही असं नाही. पण भट्टीला दोष देता येत नाही. तीही एक सुंदर गोष्ट आहे. इंडक्शन भट्टीत खाली जाळ नसतो. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, नळीतून थंड पाणी फिरत असतं, आणि वेटोळ्यातून जोराचा उलटसुलट प्रवाह सोडलेला असतो. त्याने आतल्या लोखंडात प्रवाह तयार होतो आणि लोखंड स्वतःच्याच अंगातल्या प्रवाहाने वितळतं. भंगार स्वतःचीच शेगडी होतं. यामागचं तत्त्व मायकल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा होता, शाळा जेमतेम झालेली, आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. आपल्याकडे प्रेसमध्ये किंवा बाइंडिंगच्या दुकानात काम करणारी पोरं आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्या ढिगातल्या इंजिनाबद्दल बोलतो. हेच माझं लाडकं.

तुमच्यापैकी खेड्यातून आलेल्यांनी जुनं ऑईल इंजिन पाहिलं असेल, निदान आजोबांकडून ऐकलं तरी असेल. त्यात एक जात होती संथ चालीची. इंग्लंडमध्ये डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९-३० च्या सुमारास ती काढली. मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे, दोन जाडजूड फ्लायव्हील, एक सिलिंडर. तीच रचना उचलून राजकोटच्या कारखान्यांनी भारतात हजारोंनी इंजिनं केली. मूळ कंपनीने उत्पादन बंद केलं, राजकोटची चालूच राहिली. दुसरी जात किर्लोस्करांची, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. ती अंगाने लहान आणि चालीला जलद. मोट गेली आणि विहिरीवर हे आलं. बैल सुटले, नाडा आणि सौंदर खुंटीला लागले, धावेवर गवत उगवलं.

हे इंजिन चालू करणं हा एक सोहळा होता. वॉल्व्हची लिव्हर उचलायची, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. हँडल घालून जोर लावून फ्लायव्हीलला गती द्यायची. चाक पुरेसं पळायला लागलं की लिव्हर सोडायची. हवा दाबली गेली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही, बॅटरी लागत नाही. गार करायला शेजारी पाण्याची टाकी. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड खालून येतं, त्याला वेगळा पंपही नको. पिठाच्या गिरणीवाले तर धुराच्या नळकांड्यावर झाकण बसवून त्याचा आवाज चढवत. तो पुक-पुक आवाज ऐकला की अर्ध्या गावाला कळायचं, गिरणी सुरू झाली, दळण घेऊन निघा. मोबाइल नोटिफिकेशनच म्हणा ना.

मी ही इंजिनं उघडून बघतो तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग म्हणजे क्रँक. पिस्टन वरखाली सरळ रेषेत जातो आणि चाक गोल फिरतं. सरळ हालचालीची गोल हालचाल कशी होते? मध्ये एक वाकडा दांडा असतो म्हणून. जिना चढताना गुडघा जे करतो तेच.

इथं मला इतिहासाकडे वळावं लागतं आणि थोडं स्पष्ट बोलावं लागतं. अल-जझरी हे नाव तुम्ही फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये वाचलं असेल. हा माणूस खरोखर होऊन गेला. दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात तो यंत्रज्ञ होता आणि १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात हत्तीचं घड्याळ आहे, हात धुवायला पाणी देणारी यंत्रं आहेत, आणि दोन सिलिंडरचा पाणी उपसणारा पंप आहे. या पंपात गोल फिरणाऱ्या चाकापासून दांडे मागेपुढे हलतात. आपल्या ऑईल इंजिनच्या बरोबर उलट दिशेने तेच काम. मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्याने मापं दिली आहेत, भाग कसा ओतायचा, कसा जोडायचा हे लिहिलं आहे. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा करता यावं म्हणून लिहिलं आहे.

पण मेसेजमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘क्रँकचा शोध मुसलमानाने लावला, युरोपने चोरला.’ मुलांनो, हे टिकत नाही. तुर्कस्तानातल्याच हिएरापोलिस इथं तिसऱ्या शतकातलं एक दगडी शिल्प सापडलं आहे, त्यावर दगड कापणारी पाणचक्की कोरलेली आहे आणि तिला क्रँक आणि जोडदांडा आहे. म्हणजे जझरीच्या जवळपास हजार वर्षं आधी. याने जझरी लहान होतो का? माझ्या मते अजिबात नाही. यंत्रं अशीच चालत आली आहेत, एकाने दुसऱ्याचं पाहून, थोडं बदलून. ज्याला पहिला नंबर पाहिजे त्याने शर्यतीत जावं, वर्कशॉपमध्ये त्याचं काम नाही. आणि खरं सांगायचं तर तो मेसेज पाठवणाऱ्या दहाजणांत एकाने तरी क्रँकशाफ्ट हातात धरलेला असतो का, याची मला शंका आहे.

आपल्याला जझरीसाठी दियारबकीरला जायची गरजही नाही. जालन्याहून पॅसेंजर पकडा, छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला उतरा, आणि पाणचक्की बघा. आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या सहलीत पाहिली, फोटो काढले. फोटोत पाण्याचा पडदा आणि हौद येतो. चक्की कुठं येते?

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. १७४४ हे साल तिच्याशी जोडलेलं आहे. काही किलोमीटरवरच्या डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीत चढवून, तिथून ते खाली सोडलं. पाणी वर कसं चढलं हा प्रश्न मला प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, आणि गाईड लोक त्याला चमत्काराचा रंग देतात. चमत्कार काही नाही. झरा भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. बंद नळातलं पाणी मध्ये कितीही खाली गेलं तरी शेवटी जवळपास आपल्या मूळ उंचीपर्यंत चढतं, घर्षणात थोडं कमी होतं एवढंच. गवंडी लोक पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, ती हीच गोष्ट. कौशल्य आहे ते चढाव मोजण्यात, नळ फुटू न देण्यात आणि मध्ये अडकलेली हवा बाहेर काढण्यात. जुन्या शहरात ठिकठिकाणी ते पाण्याचे उंच खांब दिसतात ना, ज्यांना बंबे म्हणतात, ते हवा आणि दाब मोकळा करण्यासाठीच.

खाली पडलेलं पाणी एका आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. त्या चाकाचा उभा दांडा वरच्या जात्याच्या तळीला लावलेला. खालची तळी स्थिर, वरची फिरते. एक गिअर नाही, एक पट्टा नाही. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, मुसाफिरांचं आणि फौजेचं दळण यावर होत असे.

किती ताकद मिळत असेल? हा हिशोब तुम्ही अकरावीच्या फिजिक्सवर करू शकता. समजा सेकंदाला २० लिटर पाणी ६ मीटरवरून पडलं. हे आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. २० गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे ११७६ वॅट. जुन्या पद्धतीच्या चाकाने त्यातले निम्मे पकडले तरी साडेपाचशे-सहाशे वॅट झाले. तुमच्या घरातल्या घरघंटीची मोटार एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. तर ही चक्की म्हणजे एका घरघंटीच्या आसपासची ताकद, पण दिवसरात्र आणि विजेच्या बिलाशिवाय. आणि हेच तत्त्व पुढे कुठं गेलं ते बघा. कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात, जे १९६२ साली सुरू झालं, साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून येणारं पाणी नोझलमधून उभ्या दांड्याच्या पेल्टन चाकावर मारतात. पात्यांच्या जागी वाट्या आल्या, जात्याच्या जागी जनरेटर आला. आपल्या पाणचक्कीने कोयना ओळखली असती.

मलिक अंबरचं नाव इथं घेतलंच पाहिजे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला. खडकी गाव त्याने १६१० साली वसवलं, तेच पुढे औरंगाबाद. तिथं त्याने नहर-ए-अंबरी केली. जमिनीखालून भुयार खणून मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि उताराने शहरात आणायचं, आणि साफसफाईसाठी ठराविक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं ठेवायची. इराणातली कनात आणि आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच जातीतले. आपल्या जालन्याचा मोती तलावही त्याच काळातला सांगितला जातो. जमशेद खानाने तो बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ टाकून गावात हौदांना पाणी दिलं. जमशेद खान, मलिक अंबर ही नावं राहिली. ज्यांनी उताराचा हिशोब केला आणि ज्यांनी भुयारात कुदळ मारली, त्यांतलं एक तरी नाव आपल्यापैकी कुणाला पाठ आहे का? तो हिशोबही त्यांच्याबरोबर गेला. मोती तलावावर आपण फिरायला जातो, भेळ खातो, पण नळ कुठून कुठं गेला होता हे दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि याच गावाने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला, टँकरमागे धावत.

म्हणून मला भंगाराच्या काट्यावर यंत्र जाताना जितकं वाईट वाटतं, त्याहून जास्त वाईट उस्ताद जाताना वाटतं. लोखंड परत सळई तरी होतं.

आता गॅरेजकडे येतो, कारण इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कुणीतरी गॅरेज, वेल्डिंग, रिवाइंडिंग किंवा फॅब्रिकेशनमध्ये आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलंच आहे की मुसलमान मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या हाताच्या कामावर आणि छोट्या धंद्यांवर जगतात. हा हात आपली दौलत आहे, आणि तिच्यावर सध्या संकट आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं. दुचाकीतला कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला, ईसीयू आलं. कानाने इंजिन ऐकून, हवा-पेट्रोलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी ‘सेट’ करणाऱ्या उस्तादाची अर्धी विद्या एका रात्रीत जुनी झाली. इलेक्ट्रिक गाडीत तर उरलेली अर्धीही नाही. तिथं ना प्लग, ना वॉल्व्ह, ना ऑईल.

काही पोरं याने घाबरून गॅरेज सोडतात आणि डिलिव्हरीच्या ॲपवर जातात. काही पोरं दुसऱ्या टोकाला जातात. स्कॅनर लावला, कोड आला, पार्ट बदलला. माझ्या पुतण्याची गाडी मध्येच बंद पडायची. एका सर्व्हिस सेंटरने सांगितलं, ईसीयू गेलं, नवीन टाका. किंमत ऐकून तो गाडी ढकलत माझ्याकडे आला. आम्ही मल्टिमीटर घेतला आणि वायर धरून एक-एक जोड तपासत गेलो. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, काम झालं. यात माझी हुशारी नाही. ईसीयूला पण वीज त्याच तांब्यातून जाते जी मी मोटारीत भरतो. सेन्सर म्हणजे काय, तर उष्णता, दाब किंवा जागा मोजून तिचा व्होल्टेज करणारी वस्तू. ज्याला व्होल्टेज मोजता येतो त्याने सेन्सरला घाबरू नये.

रोलिंग मिलमध्ये मी हेच पाहिलं. आधी गरम सळई सांडशीने धरून एका रोलमधून दुसऱ्या रोलमध्ये घालणारी माणसं होती, हातापायाला चटके खात. आता बऱ्याच ठिकाणी पीएलसी सगळं चालवतो. लाल सळईवर पाण्याचा मारा किती सेकंद करायचा, म्हणजे वरचा थर कडक आणि गाभा नरम राहील, हे तोच ठरवतो. पण रात्री दोन वाजता लाइन बंद पडते तेव्हा बोलावतात कुणाला? ज्याला पीएलसीचा लॅडर डायग्राम वाचता येतो आणि ज्याला बेअरिंगवर हात ठेवून ते किती तापलंय हेही कळतं, त्याला. यातली एकच गोष्ट येणारी माणसं पुष्कळ आहेत. दोन्ही येणारी मला बोटावर मोजण्याइतकी भेटली, आणि त्यांना पगार काय मिळतो ते मी तुम्हाला नंतर चहाच्या वेळी सांगेन.

कागदाचा प्रश्न राहतो. अब्बांच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं काम केलेल्या पोराकडे कागद नसतो. आयटीआय हा एक रस्ता आहे. शिकाऊ उमेदवारी हा दुसरा, त्याचा कायदा १९६१ पासून आहे. तिसरा रस्ता कमी माहीत आहे. सरकारच्या कौशल्य योजनेत ‘आरपीएल’ म्हणून एक सोय आहे, आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. चौकशी करा. प्रमाणपत्राने हात हुशार होत नाही, पण कंपनीच्या गेटमधून तो आत जातो.

भाषेचंही बोलतो. मॅन्युअल इंग्रजीत असतं, पोरगा उर्दू किंवा मराठी माध्यमाचा, आणि उस्ताद दखनीत शिकवतो. तीन भाषांच्या मध्ये ज्ञान सांडतं. माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक मोटारीचा वेढ्यांचा हिशोब, तारेचा गेज, कुठल्या खोबणीतून कुठल्या खोबणीत, सगळं मराठीत, आकृतीसकट. तारीख घातलेली. जझरीने जे केलं तेच, फक्त माझं अक्षर खराब आहे. तुमच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या उस्तादाला लिहायला वेळ नसेल तर मोबाइल त्याच्या हातावर धरा, तोंडावर नको, हातावर. आणि त्याला बोलू द्या.

मुली मागे बसल्या आहेत आणि मघापासून त्यांच्या चेहऱ्यावर ‘हे आमच्यासाठी नाही’ असं दिसतंय. तुमच्या घरात एक यंत्र नक्की आहे. काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजलेलं, खाली लोखंडी पायडल. किती घरं त्या मशीनच्या टाक्यावर चालली, किती भावांची फी त्यातून गेली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आता सांगा, वरून सुई एकच दोरा घेऊन खाली जाते. सुई कापडातून आरपार जात नाही, गेली तशी परत वर येते. मग खालच्या बॉबिनच्या दोऱ्याशी गाठ कोण मारतं? पायडल खालीवर आणि चाक गोल, तिथंही क्रँक आहेच. पण खाली शटलचं टोक नेमक्या क्षणी सुईमागच्या दोऱ्याचा फास पकडतं, तो क्षण हुकला की टाका सुटतो. मेकॅनिक येऊन दोन मिनिटांत तेच ‘टायमिंग’ लावतो आणि पैसे घेऊन जातो.

म्हणून मी आज तसं एक मशीन घेऊन आलोय. भंगाराच्या काट्यावरून किलोच्या भावाने घेतलंय, बिडाचं आहे, जड आहे. बीड म्हणजे कास्ट आयर्न, शेजारच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. मशीन जाम झालेलं आहे, टाका पडत नाही. टेबलावर पेचकस आहे, रॉकेल आहे, जुनं फडकं आहे. निघालेला प्रत्येक स्क्रू या ताटलीत ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ठेवायचा. दोघी पुढे या. मुलं मागून बघतील, हात लावणार नाहीत.